एमएस आणि मंदावलेला विचार: दोष आजाराचा, मनाचा की माझा?

प्रश्न: गणितशिक्षिका_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत गेली १४ वर्षे गणित शिकवते. माझे वय ३९ आहे. ७ वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याला अचानक अंधुक दिसू लागले, डोळा फिरवला की आत दुखू लागले, आणि पुण्यात एमआरआय झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएसचे (मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांच्या आवरणाला इजा करणाऱ्या आजाराचे), निदान झाले. पुढे या आजाराचे दोन अटॅक येऊन गेले. दोन्ही वेळा सलाईनमधून स्टेरॉइडचे डोस घेतले आणि सावरले. गेली ४ वर्षे नवा अटॅक नाही, ताज्या एमआरआयमध्ये मेंदूत इजेचा नवा डाग नाही, शाळेचे दोन जिने मी कठडा न धरता चढते. त्यामुळे माझे उत्तम चालले आहे, असे घरच्यांना, सहकाऱ्यांना आणि डॉक्टरांनाही वाटते.

मला मात्र तसे वाटत नाही. प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका तपासताना पहिल्या पानावरच्या चौकटीत प्रश्नवार गुण मांडून बेरीज करायची असते. ६, साडेचार, ७, ३, ८, एवढीच ती बेरीज. शिक्षकखोलीत कोणी मध्येच ‘बाई, पाचवा तास तुमचा ना?’ असे विचारले की मनात धरलेला आकडा निसटतो आणि पुन्हा वरून सुरुवात करावी लागते. एका उत्तरपत्रिकेची बेरीज मी ४ वेळा केली आणि ती दोनदा वेगळी आली. मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात फळ्यावर ‘समद्वि’ एवढे लिहिले आणि पुढचा शब्दच आठवेना. मी मुद्दाम थांबले आहे असे समजून मुलांनी एका सुरात ‘भुज’ म्हटले, म्हणून वेळ निभावली. घरी आल्यावर मी बराच वेळ रडले.

दिवाळीपासून कशातच मन लागत नाही. पहाटे ४ वाजता जाग येते आणि मग झोप येत नाही. संध्याकाळी ७ वाजता अंगातले सगळे बळ संपते. या वर्षी गड्ड्याच्या यात्रेला मुलाला घेऊनही गेले नाही, कारण पाळण्यांचे आणि भोंग्यांचे ते आवाज, ती गर्दी नुसती आठवली तरी डोके बधिर होत होते. सासूबाई म्हणतात, ‘तुझे हल्ली लक्षच नसते.’ शाळेत माझ्याकडचे निकालपत्रकाचे काम मला काहीही न विचारता काढून दुसऱ्या शिक्षकांकडे दिले गेले. त्यातून काम हलके झाले हे खरे, पण ज्या पद्धतीने ते झाले, ते मनाला फार लागले.

हे एमएसमुळे होते आहे, की मी खचले आहे म्हणून होते आहे, की वारंवार लघवीला जावे लागते त्यासाठी दीड वर्षापासून सुरू असलेल्या गोळीमुळे, हे मला कसे कळेल? एमआरआय स्थिर असताना बुद्धी कमी होऊ शकते का? हे मोजता येते का, आणि मोजून काही उपयोग होतो का? शाळेत आजार सांगावा का, हाही प्रश्न आहे. तिथे फक्त ‘डोळ्याचा त्रास’ एवढेच माहीत आहे.

प्रतिसाद १: मूळचा_सोलापूरकर

ताई, मी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आहे. शिक्षण सोलापुरात झाले, आता पुण्यात काम करतो आणि मेंदूच्या आजारांचे रुग्ण नेहमी पाहतो. आपल्याला न तपासता निदान करणे योग्य नाही, पण आपण विचारलेल्या बऱ्याच गोष्टींना नेमकी उत्तरे आहेत.

पहिली गोष्ट अशी की आपण लिहिलेले अनुभव एमएसमध्ये अपवाद नाहीत. या आजाराच्या साधारण ४० ते ६५ टक्के रुग्णांमध्ये स्मृती, अवधान किंवा विचारांचा वेग यांत मोजता येण्याजोगी घट आढळते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन करणाऱ्या झाँ-मार्टिन शार्को यांनीसुद्धा आपल्या व्याख्यानांत स्मरणशक्ती क्षीण होणे आणि कल्पना सावकाश आकाराला येणे यांचा उल्लेख केला होता. असे असूनही पुढे बराच काळ लक्ष राहिले ते पाय, डोळे आणि लघवी यांवर. जॉन कुर्टझ्के यांनी १९८३ साली मांडलेली आणि आजही सर्वत्र वापरली जाणारी, एमएसमधील अपंगत्व मोजणारी ईडीएसएस ही मोजपट्टी पाहा. तिच्या वरच्या पायऱ्या मुख्यतः रुग्ण किती अंतर चालू शकतो यावरच ठरतात. आपण दोन जिने चढता, म्हणून त्या पट्टीवर आपण ‘चांगल्या’ ठरता. शिक्षकखोलीतली बेरीज त्या पट्टीत जवळजवळ येतच नाही.

एमआरआयचेही तसेच आहे. नेहमीच्या एमआरआयमध्ये पांढऱ्या द्रव्यातील डाग ठळक दिसतात, पण मेंदूच्या बाह्य आवरणातील, म्हणजे करड्या द्रव्यातील, बरेच डाग त्यात दिसतच नाहीत. थॅलॅमससारख्या मेंदूच्या आत खोलवर असलेल्या भागांचे हळूहळू होणारे आकुंचनही नेहमीच्या अहवालात सहसा लिहिले जात नाही. म्हणून ‘नवा डाग नाही’ याचा अर्थ नवा दाह दिसत नाही, एवढाच घ्यावा.

आता बुद्धीविषयी. एमएसमध्ये सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त प्रमाणात घटतो तो माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग. त्यानंतर नवीन गोष्ट शिकून लक्षात ठेवणे, आणि एकाच वेळी दोन गोष्टी मनात धरणे. शब्दसंपत्ती, भाषेची समज, कमावलेले ज्ञान आणि एकूण बुद्धिमत्ता बहुधा शाबूत राहते. ‘समद्विभुज’ म्हणजे काय हे आपण विसरला नाहीत, तो शब्द हाताशी यायला वेळ लागला. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि ते अंतर आपण स्वतःशी बोलतानाही पाळावे, असे मला मनापासून वाटते.

हे मोजता येते. एसडीएमटी नावाची चाचणी आहे. कागदाच्या वरच्या ओळीत ९ चिन्हे आणि प्रत्येकाखाली १ ते ९ पैकी एक अंक असतो. खाली नुसती चिन्हांची रांग असते आणि ९० सेकंदांत जमतील तितक्या चिन्हांचे अंक क्रमाने तोंडी सांगायचे असतात. चाचणी सोपी दिसते, पण वेगातील घट ती फार चांगल्या रीतीने पकडते. तिच्या जोडीला शब्दांची यादी आणि आकृत्या लक्षात ठेवण्याच्या दोन चाचण्या घेऊन बिकॅम्स नावाचा संच तयार झाला आहे, त्याला साधारण पाव तास लागतो. मोजण्याचा खरा उपयोग पुढच्या वर्षी कळतो. आजचा आकडा हाती असेल तरच पुढे घट झाली, स्थिर राहिले की सुधारले, हे सांगता येते. त्यामुळे आजाराच्या सुरुवातीलाच एकदा आणि नंतर दरवर्षी ही तपासणी व्हावी, अशी अमेरिकेतील नॅशनल एमएस सोसायटीच्या पुढाकाराने २०१८ साली प्रसिद्ध झालेली शिफारस आहे.

आपला अवघड प्रश्न मनाचा. एमएस असलेल्या व्यक्तींपैकी जवळजवळ निम्म्या जणांना आयुष्यात कधीतरी नैराश्याचा विकार होतो. आजार कळल्याचे दुःख हे त्याचे एक कारण आहे, पण मेंदूतील दाह आणि इजा यांचाही त्यात वाटा असतो, म्हणून ‘मन घट्ट करा’ या सल्ल्याने तो जात नाही. पहाटे येणारी जाग, कशातच रस न वाटणे आणि काही महिने टिकलेली उदासी ही आपण लिहिलेली लक्षणे तपासून घ्यावीत अशीच आहेत. नैराश्य स्वतःही विचार मंदावते. शिवाय ‘माझे काहीच लक्षात राहत नाही’ ही रुग्णाची तक्रार पुष्कळदा चाचणीतील गुणांपेक्षा नैराश्याशी अधिक जुळते, असे वारंवार दिसले आहे. याच्या उलट, ज्यांची घट मोठी असते अशा काहींना ती स्वतःला जाणवत नाही आणि घरचे लोक ती आधी ओळखतात. एमएस की मन, असा एकच पर्याय निवडायचा नाही. दोन्ही एकाच भेटीत तपासून घ्या.

आणि ती गोळी. लघवीच्या घाईसाठी दिल्या जाणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या काही औषधांमुळे स्मृती आणि अवधान यांवर परिणाम होऊ शकतो. आपली शंका रास्त आहे, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. तिचे नाव डॉक्टरांना दाखवून पर्याय विचारा. त्याच वेळी बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, आणि रात्री लघवीसाठी किती वेळा उठावे लागते हेही सांगा. तुटक झोपेवर दुसऱ्या दिवशी बेरीज कोणाचीही चुकेल.

प्रतिसाद २: टॉवेल_कारखानदार

ताई, माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि माझ्या पत्नीला १३ वर्षांपासून एमएस आहे. वरच्या सरांइतके शास्त्र मला सांगता येणार नाही, पण घरात काय घडते ते सांगू शकतो.

निदान झाल्यावर मी हा आजार माझ्या मागावरून समजून घेतला. ताण्याच्या सुताला खळ देतात, ती खळ निघाली तरी सूत शाबूत असते, पण ते घासते, तुटते, दर वेळी माग थांबवून गाठ मारावी लागते आणि दिवसाचे कापड कमी निघते. नसांवरचे मायलिनचे आवरण निघाले की असेच होते. कापड विणता येत नाही असे नव्हे, त्याला वेळ लागतो. हे मला कळायला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत मी तिला ‘कितीदा सांगायचे तुला’ असे किती वेळा म्हणालो असेन, त्याचे आजही वाईट वाटते.

एक प्रसंग लिहितो, कारण असे कोणाच्या घरी होत असेल तर त्यांना ठाऊक असावे. माझ्या काकांच्या दहाव्याच्या विधीला पिंडाला कावळा शिवण्याची सगळे शांतपणे वाट पाहत असताना तिला हसू आले आणि ते आवरेना. पदर तोंडाशी धरून ती हसत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ती आतून अजिबात आनंदी नव्हती. काकांनी तिला मुलीसारखे वागवले होते. नातेवाइकांनी पुढे वर्षभर बोलणे टाकले. नंतर डॉक्टरांनी सांगितले की भावना व्यक्त होण्यावरचे मेंदूचे नियंत्रण सुटल्यामुळे असे होते, एमएसच्या साधारण दहातल्या एका रुग्णाला हा त्रास असतो, आणि त्यावर औषध आहे. औषधाने ते पुष्कळ कमी झाले. मी प्रत्येक नातेवाइकाच्या घरी जाऊन ते समजावून सांगितले. काहींना पटले, काहींना नाही.

तुमच्या सासूबाईंविषयी एक सुचवतो. पुढच्या वेळी त्यांना डॉक्टरांकडे बरोबर न्या. माझ्या आईने डॉक्टरांच्या तोंडून ऐकले तेव्हा तिला पटले. त्याआधी मी कितीही सांगितले तरी तिला ते सुनेची बाजू घेणे वाटत होते. आमच्याकडे आता स्वयंपाकघरात टीव्ही बंद असतो, तिला एका वेळी एकच काम सांगतो, आणि जिना उतरताना तिच्याशी कोणी बोलत नाही. चालणे आणि बोलणे एकत्र आले की तिचा तोल जातो.

आणखी एक, हे जड मनाने लिहितो. मध्यंतरी ती ‘मी नसते तर बरे झाले असते’ असे म्हणू लागली होती. आम्ही ते सुरुवातीला रागातले बोलणे समजलो. तसे समजू नका. एमएसमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे आम्हाला मनोविकारतज्ज्ञांकडे गेल्यावर कळले. कोणाच्याही मनात असा विचार आला तर त्याच दिवशी घरात सांगावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

प्रतिसाद ३: वाचक_होटगीरोड

शाळेत सांगण्याविषयी माझे मत वेगळे आहे. एकदा आजाराचे नाव बाहेर पडले की प्रत्येक चूक त्याच नावावर मांडली जाते. माझ्या भावाचे एका खासगी कंपनीत तसेच झाले. पुढच्या पदोन्नतीच्या यादीत त्याचे नावच आले नाही. आधी कागदपत्रे तयार करा, मग विचार करून सांगा.

प्रतिसाद ४: बँकेतली_एक

मला ९ वर्षांपासून एमएस आहे आणि मी नोकरीत आहे. वरील भीती खोटी नाही, तरीही मी सांगितले आणि मला ते उपयोगी पडले. मात्र कागद आधी, हे अगदी बरोबर.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांच्या प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव आहे. त्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही येतात, म्हणून आपली शाळा अनुदानित आहे का हे आधी पाहा. खासगी कंपनीला हे कलम जसेच्या तसे लागू होत नाही. वाचक_होटगीरोड यांच्या भावाची अडचण तीच असावी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. अनेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. चालणे चांगले असताना तेवढी टक्केवारी मिळेलच असे नाही, पण वाजवी सोय मागताना मानसशास्त्रज्ञांचा चाचणी-अहवाल हाती असला की बोलणे सोपे जाते.

मागताना मी ‘मला काम कमी द्या’ असे म्हटले नाही. ‘रोख मोजण्याच्या खिडकीऐवजी कागदपत्रे तपासण्याचे काम द्या आणि ते सकाळी द्या’ असे म्हटले. आपणही तपासणीसाठी रिकामी खोली आणि सकाळचे तास मागू शकता. नेमकी मागणी वरिष्ठांना समजते.

सकाळ म्हणण्याचे कारण आपले ऊन. आवरण गेलेली नस थोड्याशा उष्णतेनेही संदेश नीट नेत नाही. १८९० साली विल्हेल्म उथॉफ यांनी श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते हे नोंदवले, त्यावरून या प्रकाराला त्यांचे नाव पडले. डोळ्यांचे होते तेच विचारांचेही होते. बाहेरचे तापमान जास्त असलेल्या दिवसांत एमएसच्या रुग्णांची वेगाच्या चाचण्यांतील कामगिरी खालावलेली आढळली आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि आपल्या वार्षिक परीक्षांच्या उत्तरपत्रिका नेमक्या तेव्हाच येतात. मी त्या दोन महिन्यांत महत्त्वाचा निर्णय दुपारी घेत नाही. मानेवर ओला पंचा ठेवते, कामाआधी थंड पाणी पिते. अंग थंड झाले की डोकेही पूर्ववत होते, म्हणजे तो नवा अटॅक नसतो. हे कळल्यापासून माझी अर्धी भीती गेली.

प्रतिसाद ५: वाचक_होटगीरोड

माहितीबद्दल आभार, कलम २० मला माहीत नव्हते. सर, मेंदूला व्यायाम देणारी जी मोबाइल अॅप मिळतात त्यांचा उपयोग होतो का? आणि स्मरणशक्तीची काही गोळी आहे का?

प्रतिसाद ६: मूळचा_सोलापूरकर

गोळीचे उत्तर आधी देतो. एमएसमधील स्मृतीसाठी खात्रीने उपयोगी ठरलेले औषध आज नाही. स्मृतिभ्रंशात दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलकडून आशा होती, पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. अॅपवर सराव केल्याने त्या खेळातली गती वाढते, रोजच्या कामात ती किती उतरते याबद्दल मी सावध आहे.

ज्याचा आधार अधिक भक्कम आहे ते म्हणजे शिकण्याची पद्धत बदलणे. लक्षात ठेवायच्या गोष्टींची गोष्ट रचून तिचे चित्र मनात उभे करण्याचे प्रशिक्षण दिल्यास एमएसच्या रुग्णांचे नवे शिकणे सुधारते, हे २०१३ सालच्या अभ्यासात दिसले. एमएसमध्ये स्मृतीची अडचण बरीचशी गोष्ट आत साठवली जातानाची असते, म्हणून पहिल्यांदा ऐकताना दिलेला जास्तीचा वेळ फार मोलाचा ठरतो. तसेच, तयार यादी पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा कागद उलटा ठेवून आठवून पाहिल्याने आणि मध्ये अंतर ठेवून उजळणी केल्याने जास्त टिकते. ताई, आपण मुलांना सूत्रे पाठ करताना पुस्तक मिटून लिहायला सांगत असाल, तीच ही पद्धत.

नैराश्यासाठी औषधे आणि सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत, दोन्ही उपयोगी पडतात. सीबीटी दूरध्वनीवरून दिली तरी एमएसमधील नैराश्य कमी होते, असे अभ्यास आहेत, तेव्हा दर आठवड्याला २५० किलोमीटर प्रवास करून पुण्याला येण्याची गरज नाही. झेपेल इतका नियमित व्यायाम मन आणि थकवा या दोन्हींसाठी चांगला. तो उन्हात करू नका एवढेच.

गणितशिक्षिका_सोलापूर

सर्वांची मनापासून ऋणी आहे. सात आठवड्यांनी लिहिते आहे, कारण हाती काही आल्याशिवाय लिहायचे नव्हते.

चाचण्या झाल्या. एसडीएमटीचे गुण माझ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या व्यक्तीकडून अपेक्षित असतात त्यापेक्षा कमी आले. शब्दांची यादी पहिल्या वाचनात थोडीच आठवली, पण पाचव्या वाचनापर्यंत मी इतरांच्या बरोबरीने पोहोचले आणि अर्ध्या तासाने त्यातले फारसे विसरले नाही. नैराश्य मध्यम स्वरूपाचे निघाले आणि त्यासाठी गोळी सुरू झाली आहे. बी-१२ बरेच कमी होते, त्याची इंजेक्शने चालू आहेत. लघवीची गोळी डॉक्टरांनी बदलली. यांपैकी कशाने किती फरक पडतो आहे हे मला सांगता येणार नाही, पण पहाटेची जाग आता ४ ऐवजी साडेपाचला येते.

सासूबाई बरोबर आल्या होत्या. चाचणी चालू असताना त्या बाहेर बसल्या होत्या. नंतर डॉक्टरांनी त्यांना तो चिन्हांचा कागद दाखवला आणि करून पाहायला सांगितले. त्यांनी चार-पाच अंक सांगितले, मग कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मी हिशेब लिहीत असले की त्या मुलाला दुसऱ्या खोलीत नेतात.

शाळा अनुदानित आहे. मुख्याध्यापकांना अजून सांगितलेले नाही. अहवालाची प्रत काढली आहे आणि मागणी एका पानात लिहिली आहे: तपासणीसाठी प्रयोगशाळेशेजारची रिकामी खोली, गणिताचे तास पहिल्या चारांत, आणि निकालपत्रक पुन्हा माझ्याकडे, पण बेरजेची फेरतपासणी करायला एक सहकारी सोबत. त्यातले तिसरे लिहावे की नाही, यावर अजून विचार चालू आहे. सोमवारी भेटीची वेळ घेतली आहे, सकाळी ९ ची.